तीन गाठींचा व्हॉल्व

तुमच्या घरात येणारं पाणी नेमकं कोणत्या व्हॉल्वनं बंद होतं? आत्ता, हे वाचता वाचता उठून, न चुकता त्याच्यावर हात ठेवता येईल का? येत नसेल तर लाजू नका. ज्या कारखान्यात माणसं वाफेच्या भांड्यात उतरतात, तिथल्या साहेबांनाही येत नव्हतं. फरक एवढाच, की तुमचा व्हॉल्व चुकला तर मोरी भरते. तिथला चुकला तर माणूस शिजतो.

चिडूनच लिहायला बसलो होतो. दोन पानं फाडली. आता चिडायचं त्राण नाही, म्हणून सरळ सांगतो. अशा भांड्यात उतरलेली माणसं वर येतात की नाही, एवढाच या गोष्टीतला प्रश्न आहे.

बन्सीधर राणीसावरगावचा. पाइप फिटर. आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यात त्यानं चौतीस हंगाम काढले. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की तुम्ही म्हणणार, तो कारखानाच तसला, आणि पान उलटून मोकळे होणार. शिक्षण सातवी. बोटं जाड, चालताना डाव्या पायाची जरा ओढ. रागीट नाही, पण मानी. कुणी "ए फिटर" म्हटलं तर वळून बघायचा नाही. "बन्सीभाऊ" म्हटलं की हातातला पाना ठेवून यायचा.

उसाचा रस पातळ असतो, तो आटवावा लागतो. त्यासाठी कारखान्यात चार बंद भांडी एका रांगेत उभी आहेत, प्रत्येक दुमजली घराएवढं. कामगार त्यांना बॉड्या म्हणतात. पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर धरतो ना, तसा थर बॉडीच्या आतल्या नळ्यांना धरतो. मग हंगामात दर पंधरा-वीस दिवसांनी एक बॉडी बंद करायची, झाकण उघडायचं आणि आत माणसं उतरवून तो थर खरवडून काढायचा. बाकीचा कारखाना चालूच. म्हणजे शेजारच्या पाइपात जिवंत वाफ, भांड्यात जिवंत माणूस, आणि दोघांच्या मधे बंद केलेला व्हॉल्व.

उतरणाऱ्यांत पहिला सिद्धोधन. चुडाव्याचा. ठेकेदाराकडं लागलेला, अंगानं वेताच्या काठीसारखा, म्हणून झाकणाच्या भोकातून सहज आत जायचा. ठेका मजुरांच्या कामावरून माझं त्या गेटवर जाणं-येणं असतं. ही गोष्ट मला आधी सिद्धोधननं सांगितली आणि मग बन्सीधरनं, तीन बैठकांत, प्रत्येक वेळी मधेच उठून जात.

कारखान्यात व्हॉल्वला पत्र्याचे बिल्ले होते, नंबर मारलेले. गंजून गळून गेले. मग बन्सीधरनं स्वतःची रीत काढली. घरून बायकोच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या आणायच्या आणि व्हॉल्वच्या चाकाला बांधायच्या. एक गाठ म्हणजे हंगाम लागला की उघडायचा. दोन गाठी म्हणजे बॉडी साफ करायच्या दिवशी बंद करायचा. तीन गाठी म्हणजे कधीच हात लावायचा नाही. रंग का नाही? तर वाफेत रंग दिसत नाही आणि तेल लागलं की सगळ्या चिंध्या काळ्याच. गाठ बोटांना कळते. ही रीत कुठं लिहिलेली नव्हती. तीनही पाळ्यांना पाठ होती.

तीन गाठींचा व्हॉल्व अख्ख्या कारखान्यात एकच.

त्याची कथा अशी. अकरा वर्षांपूर्वी तिसरी बॉडी साफ करताना आत थर सैल करणारा सोडा उकळायला वाफ पुरेना. तेव्हाचे चीफसाहेब म्हणाले, "बन्सी, वरच्या पाइपातून एक दोन इंची नळी टाक. तात्पुरती." वरचा पाइप म्हणजे वाफेचा मोठा आडवा पाइप, त्यातून खाली सात फांद्या, प्रत्येक फांदीला एक व्हॉल्व, सातही सारखे. बन्सीधरनं एका पाळीत त्यातल्या एका व्हॉल्वपासून तिसऱ्या बॉडीपर्यंत नळी नेली आणि बॉडीला लागून खाली आणखी एक व्हॉल्व बसवला. आठवड्यात मूळची व्यवस्था दुरुस्त झाली. तात्पुरती नळी तशीच राहिली. साहेब बदलून गेले. नळी कोणत्याच कागदावर चढली नाही. वरच्या व्हॉल्वला तीन गाठी, एवढीच तिची नोंद.

यंदा पाऊस उघडल्यावर कारखान्यात राजेश्री आली. चारठाण्याच्या मास्तरांची मुलगी, इंजिनियर, पुण्याच्या एका डिझाइन ऑफिसात नोकरीला. कारखान्याला पाचवी बॉडी जोडायची होती. जोडायची तर आधी आहे तो कारखाना कागदावर बरोबर आहे का ते बघायला हवं, म्हणून ऑफिसनं तिला पाठवलेलं. डोक्यावर पिवळी टोपी, हातात फळी, फळीवर कागद. पहिल्याच दिवशी तिनं बन्सीधरला बोलावलं आणि टेबलावर चादरीएवढी ड्रॉइंग पसरली.

"काका, ही तुमच्या प्लँटची जुनी ड्रॉइंग. बरोबर आहे का सांगा."

बन्सीधरनं बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "मॅडम, हे खोटं हाय."

"काय खोटंय?"

"वाफंचा पाइप अन् तिसरी बॉडी हितं चिटकून दावलीत. मधी चाळीस फूट हाय. मी सवता पाइप कापलेत, मला कामून सांगता?"

राजेश्री हसली, पण दात न दाखवता. "काका, या कागदात फूट नसतात. पंगतीत कोण कुणाच्या शेजारी बसलंय तेवढंच असतं. किती अंतरावर बसलंय ते नसतं."

"मंग हा कागद कशाला पायजे?"

तिनं भिंतीवरचं जुनं कॅलेंडर उतरवलं, मागच्या बाजूला पेन्सिलीनं चौकोन आणि बाण काढले. कारखाना बांधायचा तर आधी एक साधा कागद काढतात, ती म्हणाली. ऊस आला, रस निघाला, तापला, आटला, साखर झाली. प्रत्येक बाणावर लिहायचं, तासाला किती माल, किती गरम, किती दाबाखाली. आत जेवढं गेलं तेवढंच बाहेर आलं पाहिजे. रस, पाणी, वाफ, चोथा सगळं धरून. जुळलं नाही तर कुठंतरी चूक आहे. त्या कागदावरून भांडं केवढं, पाइप किती जाड, ते ठरतं. मग दुसरा कागद. त्यात एकेक पाइप, एकेक व्हॉल्व, पंप, दाबाचं घड्याळ. प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाला खूण. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे व्हॉल्व. त्रिकोण काळे भरले तर तो हमेशा बंद ठेवायचा व्हॉल्व. बांधणारा, चालवणारा, दुरुस्त करणारा, सगळे त्याच कागदावरून बोलतात.

बन्सीधरनं काळ्या त्रिकोणांवर बोट ठेवलं. "अन् जे कागदावर न्हाई ते?"

"ते नाहीच, असं धरून पुढचं काम होतं."

बन्सीधरनं बोट उचललं, त्या नळीचं सांगितलं नाही. मला सांगताना इथंच तो पहिल्यांदा उठून गेला होता.

बोलला का नाही? मी त्याला तोंडावर विचारलं, जरा आवाज चढवूनच. तो म्हणाला, "साहेब गेलेले, जिम्मा माझ्यावर येनार. चार महिने राहिले व्हते रिटायर व्हायला. अन् खरं सांगू का? चौतीस सालात मला कुनी इचारलं न्हाई. कालची पोर येती, पिवळी टोपी घालून, अन् म्हनती सगळं सांगा. सगळं तिच्या कागदावर गेलं तर बन्सीधर कशाला पायजे कुनाला?"

राजेश्रीनं चिंध्यांबद्दलही विचारलं होतं. "काका, या गाठी कशाच्या?" तर हा म्हणाला, "नवसाच्या." तिनं मान हलवली आणि पुढं गेली. इंजिनियर माणसं देवाधर्माच्या वाटेला जात नाहीत.

मग नवरात्र आलं. बन्सीधरला थंडीतापानं धरलं, सहा दिवस घरी पडून. इकडं खंडेनवमी. त्या दिवशी आपल्याकडं पान्यापासून पंपापर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं. नवे चीफसाहेब म्हणाले, चेअरमन पूजेला येतायत, सगळं चकाचक पाहिजे. झाडलोट करणाऱ्या बायकांची मुकादम दगडाबाई, कामाला वाघीण. तिनं आपल्या बायका घेतल्या आणि दोन दिवसांत कारखाना घासून काढला. मळकट, तेलकट, काळ्या पडलेल्या चिंध्या एकूण एक सोडल्या, ढीग केला, पेटवून दिला. आणि प्रत्येक व्हॉल्वला कोरं तांबडं कापड बांधलं, वर झेंडूचं फूल. प्रत्येकाला एकच गाठ, सारखी, देवाची.

बन्सीधर दसऱ्यानंतर कामावर आला. जिना चढून वर गेला. सात व्हॉल्व, सात तांबडी फडकी, सात सुकलेली फुलं. तो तिथंच जाळीवर बसला.

खाली आल्यावर दगडाबाई समोर. तिला वाटलं शाबासकी मिळणार.

"दगडे, काय केलंस तू?"

"काय केलं? साफ केलं. तुमच्या त्या चिंध्यांला वास यायलता, भाऊ."

"त्या चिंध्या न्हवत्या! माझी अक्कल व्हती ती!"

"मंग अक्कल डोक्यात ठेवायची, व्हॉल्वला कामून बांधायची?" दगडाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "देवाचं काम केलं तर शिव्या खायच्या. नवसाच्या हायत म्हनून तुमीच सांगितलं की मॅडमला. नवस जुना झाला, नवा बांधला."

बन्सीधर परत जिना चढून वर गेला.

त्याला वाटत होतं, सगळं आपल्या डोक्यात आहे, गाठी फक्त दुसऱ्यांसाठी. आता वर उभं राहून त्यानं डोक्यात बघितलं, तर डोक्यात गाठीच होत्या, त्यांच्या खालचे व्हॉल्व नव्हते. सहा वर्षांपूर्वी सगळ्या पाइपांवर उष्णता राखायला काचेचा कापूस गुंडाळून वरून चकचकीत पत्रा मारलेला. कोणता पाइप कुठून कुठं जातो ते दिसायची सोय नाही. तीन गाठींचा तो पाचवा, हे पाठ होतं. पण डावीकडून पाचवा की जिन्याकडून? नळी टाकली तेव्हा जिना दुसऱ्या बाजूला होता. जिना कधी हलवला? त्यानं डोळे मिटून हात पुढं केला. हात पाचव्यावर गेला. मग सहाव्यावर. मग परत पाचव्यावर.

महिनाभरात हंगाम. हंगाम लागला की पंधरा-वीस दिवसांत तिसरी बॉडी. आणि तिच्यात सिद्धोधन.

त्या दिवशी दुपारी तो राजेश्रीच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला. बसला नाही.

"मॅडम, एक नळी हाय. कागदावर न्हाई. मी टाकलेली हाय. तिसऱ्या बॉडीत जाती."

तिनं पेन खाली ठेवलं. "कधी टाकली?"

"अकरा साल झाले."

"आणि तुम्ही मला आज सांगताय."

"आज सांगायलाव."

मी असतो तर चार शब्द सुनावले असते. तिनं ड्रॉअरमधून तीन पेन्सिली काढल्या. पिवळी, तांबडी, हिरवी. "चला. लाइन चालू या."

लाइन चालणं म्हणजे शब्दशः चालणं. पाइपाच्या एका टोकाला हात ठेवायचा आणि दुसरं टोक लागेपर्यंत हात काढायचा नाही. जाग्यावर आहे आणि कागदावरही आहे, तर पिवळी. जाग्यावर आहे, कागदावर नाही, तर तांबडी. कागदावर आहे, जाग्यावर नाही, तर हिरवी. सांगायला दोन मिनिटं लागतात. करायला एकोणीस दिवस लागले. शिड्या, जाळ्या, कोळिष्टकं, कबुतरांची घाण. दोघंही संध्याकाळी एकमेकांशी बोलायचे नाहीत, एवढे दमलेले. बन्सीधरनं तिला पाइपावर पाना वाजवून ऐकायला शिकवलं. भरलेला दबका वाजतो, रिकामा खणखणतो. तिनं त्याला खुणा शिकवल्या. आठव्या दिवसापासून तो तिच्या आधी सांगायला लागला, "माय, हितं उलटं न जाऊ देनारा व्हॉल्व हाय, बाण काढ." मॅडमची माय कधी झाली ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

तिसऱ्या बॉडीची नळी मात्र पत्र्याखाली होती. पत्रा कापायचा तर चीफसाहेबांची परवानगी हवी. साहेब म्हणाले, "हंगाम तोंडावर आलाय, पत्रा कापायचा नाही. एका नळीनं काय होतंय?"

बन्सीधर म्हणाला, "साहेब, तुमी मेमो टाईप करायला घ्या. तवर मी पत्रा कापतो."

आणि त्यानं कापला. बॉडीच्या टोकाकडून सुरुवात केली, एका हातात पत्र्याची कात्री, दुसरा हात नळीवर. खोकत, कापसाचे पुंजके झटकत, हातभर हातभर. मागून राजेश्री तांबडी पेन्सिल घेऊन. चाळीस फूट चालायला दोन दिवस. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी नळी वर जाऊन व्हॉल्वला मिळाली.

डावीकडून सहाव्याला.

बन्सीधर म्हणाला, "न्हाई."

राजेश्रीनं परत खालून हात लावत आणला. सहावा. मग पाचव्यावरचा पत्रा कापला. पाचवा व्हॉल्व एका जुन्या हीटरकडं जात होता. तो हीटर कधीच भंगारात गेला होता, नळीच्या तोंडाला झाकण मारलेलं.

आता नीट ऐका, कारण इथंच सगळं आहे. सगळ्या पाळ्यांना पाठ होतं ते असं: पाचवा म्हणजे तीन गाठी, हात लावायचा नाही, सहावा म्हणजे एक गाठ, जुन्या हीटरचा, हंगाम लागला की उघडायचा. हीटर गेला तरी सवय गेली नव्हती, सहावा दर हंगामाला उघडतच होते. बन्सीधरनं गाठी मूळच्या बरोबर बांधल्या होत्या. पण सहा वर्षांपूर्वी पत्रा मारायला बाहेरचे लोक आले. त्यांनी काम करताना चिंध्या काढल्या आणि काम झाल्यावर इमानदारीनं परत बांधल्या. गाठी तशाच ठेवून. एक व्हॉल्व सरकून: सहाव्याच्या तीन गाठी पाचव्याला, पाचव्याची एक सहाव्याला.

म्हणजे सहा हंगाम तिसऱ्या बॉडीत माणसं उतरत होती, तेव्हा त्या तात्पुरत्या नळीत वाफ उभी होती. पूर्ण दाबाची. तिला अडवून होता तो फक्त खालचा एकटा व्हॉल्व, बॉडीला लागून असलेला. तोही खोलून बघितला. आतली बसायची कडा झिजत झिजत गेलेली, बोट फिरवलं तर रेघ लागायची. आणखी किती दिवस धरला असता? राजेश्री म्हणाली, "सांगता येत नाही." बन्सीधर म्हणाला, "मला येतं," पण सांगितलं नाही.

चौतीस वर्षांत ज्याला कुणी चुकलास म्हणालं नव्हतं, तो त्या दुपारी डबा न उघडता परत घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी हंगामाची तयारी म्हणून ठेकेदाराची माणसं यायला लागली. बन्सीधरनं सिद्धोधनला गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर गाठलं आणि सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता. मी तिथं होतो. सिद्धोधननं कप बशीत ठेवला.

"म्हंजी काका, सहा साल मी वाफंच्या तोंडावर बसून बिड्या वढल्या?"

"बॉडीत बिडी वढत व्हतास तू?"

"आता तुमी तुमचं सांगितलं, मी माझं सांगितलं."

बन्सीधरनं त्याच्या पाठीत एक ठेवून दिली. दोघं हसले. मग सिद्धोधन थांबला आणि हळूच म्हणाला, "दगडामावशीला सांगा बरं. तिला लय बोलले तुमी."

दगडाबाईला सांगितलं, तू चिंध्या जाळल्यास म्हणूनच चूक सापडली. ती म्हणाली, "मंग? मी म्हनलेच व्हते, देवाचं काम हाय." आणि झाडू उचलून चालती झाली. ह्यात देव कुठं आला यावर मी वाद घालणार होतो. बन्सीधरनं माझा दंड धरला.

नळी काढून टाकायची होती, पण साहेब म्हणाले, हंगामानंतर बघू. मग राजेश्रीनं ड्रॉइंगमधे खालच्या व्हॉल्वशेजारी एक खूण काढली, चष्म्यासारखी. ती वस्तूही चष्म्यासारखीच असते. लोखंडाची जाड तबकडी, एक डोळा उघडा, एक बुजलेला. पाइपाच्या जोडात बुजलेला डोळा बसवला की वाफ व्हॉल्वमधून झिरपली तरी पुढं जात नाही, आणि उघडा डोळा बाहेर लटकलेला लांबून दिसतो. विश्वास ठेवायला लागत नाही, बघायचं. बन्सीधरनं ती भंगारातल्या जाड प्लेटमधून स्वतः कापली, घासली, बसवली. सहावा व्हॉल्व बंद करून त्याच्या चाकाला साखळी आणि कुलूप. किल्ली, जो आत उतरणार त्याच्या खिशात. हे राजेश्रीनं लिहून दिलं.

डिसेंबरात तिसऱ्या बॉडीची साफसफाई आली. शेजारच्या पाइपात वाफ गरजत होती. सिद्धोधन झाकणाच्या भोकात पाय सोडून बसला आणि वर बघून म्हणाला, "काका, चष्म्याचा बुजका डोळा आत हाय ना?"

"सवता बघून ये."

तो उठला, जाऊन बघून आला, मग उतरला. बन्सीधर झाकणापाशी उभा. चार तास. कुणी खुर्ची आणून दिली तर बसला नाही. चार तासांनी आतून आधी ब्रश वर आला, मग काळं-पांढरं झालेलं डोकं. सिद्धोधननं खिशातली किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. "घ्या. बिडी न्हाई वढली."

इथं गोष्ट संपली असती तर मी लिहिली नसती. चांगली गोष्ट लिहायला दुसरे आहेत.

ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. त्यात तीन खाने: कुणी काढली, कुणी तपासली, कुणी मंजूर केली. राजेश्रीनं चौथा खाना काढून त्यात लिहिलं होतं, जाग्यावर चालून पडताळणी: बन्सीधर, फिटर. पुण्याहून ड्रॉइंग छापून आली तेव्हा खाने तीनच. ऑफिसच्या नमुन्यात चौथा खाना बसत नाही, असं कळवलं. एकोणीस दिवस नळीवर हात ठेवून चाललेला माणूस नमुन्यात बसत नाही. राजेश्रीनं एक प्रत घेतली, तिच्यावर पेनानं त्याचं नाव घातलं, आणि पुण्याला जायच्या दिवशी त्याला दिली. कारखान्याची प्रत चीफसाहेबांच्या कपाटात, कपाटाला कुलूप. ज्याला वाचायची गरज आहे त्याच्याकडं कपाटाची किल्ली नाही.

जानेवारीअखेर बन्सीधर रिटायर झाला. शाल, नारळ, पाच मिनिटांचं भाषण. भाषणात त्याचं गाव चुकीचं सांगितलं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सिद्धोधनचा फोन. "काका, चौथ्या बॉडीला काल एक नळी टाकली. दोन इंची. साहेब म्हनले, तात्पुरती."

बन्सीधर दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर. चौकीदार वीस वर्षं ओळखीचा. तो खाली मान घालून म्हणाला, "काका, तुमच्याकडं पास न्हाई. मला नोकरी हाय."

"मला फक्त बघायचंय ती कुठून निघती."

"साहेबांला इचारून सांगतो." विचारलं. साहेब म्हणाले, रिटायर माणसाचं आत काय काम?

मी आत जाऊन भांडून आलो. अर्ज दिला, पोच घेतली. अर्जाचं काय होतं ते मला माहीत आहे. तुम्हालाही आहे. राजेश्रीला फोन केला. ती म्हणाली, आमच्या ऑफिसचं तिथलं काम संपलंय, तरी मी लिहिते. लिहिलं असेल. ती खोटं बोलणारी नाही.

सिद्धोधन जेवणाच्या सुट्टीत बाहेर येतो. टपरीच्या बाकावर बन्सीधर आपली प्रत उलगडतो, चार कोपऱ्यांवर चार काचेचे ग्लास ठेवतो, आणि सिद्धोधन सांगेल तशी तांबडी रेघ मारतो. "बॉडीपासून निघती, जिन्यामागं जाती, मंग पत्र्याखाली जाती, काका, पुढं दिसत न्हाई." रेघ तिथं थांबते. थांबल्या जागी बन्सीधरनं प्रश्नचिन्ह काढलंय. ठेका मजुरानं पत्रा कापला तर संध्याकाळी त्याचं काम जाईल, आणि बन्सीधर आत जाऊ शकत नाही.

चौथी बॉडी याच महिन्याच्या शेवटी साफ व्हायची आहे.

तो रोज सकाळी येऊन त्या बाकावर बसतो. कंटाळलाय. मला म्हणाला, "बेजार झालो बाबा, आता निस्तं झोपावं वाटतंय." पण येतो. खिशात तांबडी पेन्सिल. आत जाणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, ती नळी वर कुठल्या व्हॉल्वला लागती? लोक हसून जातात. काहींना वाटतं, म्हाताऱ्याला रिटायर होणं सोसलं नाही.

तुमच्यापैकी कुणी त्या गेटातून आत जात असाल, फिटर असा, इंजिनियर असा, झाडू मारणारे असा, तर महिना संपायच्या आत पाच मिनिटं त्या टपरीवर थांबा. त्याचा कागद बघा. मग आत जाऊन चौथ्या बॉडीच्या त्या नळीवर हात ठेवा, टोक लागेपर्यंत हात काढू नका, आणि बाहेर येऊन त्याला सांगा ती कुठं जाते.